घट्ट वीर्याचं थोतांड

लोकलने किंवा एसटीने प्रवास करणाऱ्या कुणालाही त्या जाहिराती पाठ असतील. रुळांलगतची भिंत, उड्डाणपुलाचा खांब, स्टँडवरची मुतारी. धातुदौर्बल्य, स्वप्नदोष, वीर्य पातळ होणे, निराश होऊ नका, आजच भेटा. आता त्या भिंती मोबाइलमध्ये आल्या आहेत, इतकाच फरक. रात्री फोन चाळत पडलेल्या पुरुषाला पंधरा दिवसांत वीर्य घट्ट करून देणारी पावडर घरपोच मिळते, पाकिटावर नाव न छापता.

मूल हवं म्हणून दवाखान्यात येणाऱ्या जोडप्यांकडून हे वाक्य मी नेहमी ऐकते. गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते नवऱ्याच्या तोंडून येतच नाही. तो समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसतो आणि बायको हळू आवाजात सांगते, “मॅडम, यांचं जरा पातळ आहे. त्यामुळेच दिवस राहत नसतील ना?” पाठोपाठ पिशवीतून एक डबा निघतो. कधी चूर्ण, कधी कॅप्सूल, कधी सोनेरी झाकणाचा पाक. सहा महिने घेऊन झालेला असतो. वीर्यतपासणी मात्र एकदाही झालेली नसते.

मला इथे स्पष्ट सांगायचंय की वीर्य घट्ट असणं ही ताकदीची खूण नाही. डोळ्यांनी बघून किंवा बोटांवर घेऊन त्याबद्दल काहीही कळत नाही. उलट शुक्रजंतू ज्या जगात राहतो तिथे भोवतालच्या द्रवाचा चिकटपणा हाच सगळ्यात मोठा प्रश्न असतो. वीर्य घट्ट करण्याचं आश्वासन देणारा माणूस, जे तुमच्या शरीराला मुळात नकोच आहे ते तुम्हाला विकतोय.

आधी वीर्य म्हणजे काय ते बघू. वीर्य आणि शुक्रजंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीर्याच्या एकूण आकारमानात शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के. बाकी सगळा द्रव. त्यातला मोठा भाग मूत्राशयामागच्या शुक्राशय नावाच्या दोन ग्रंथींतून येतो आणि उरलेला बराचसा प्रोस्टेटमधून. म्हणजे वीर्याचा रंग, घट्टपणा, प्रमाण, जे काही डोळ्यांना दिसतं, ते या ग्रंथींचं काम. वृषणांत किती शुक्रजंतू तयार होतात, ते पोहतात की नाही, याचा त्या दिसण्यातून पत्ता लागत नाही. याचा पुरावा घरोघरी आहे. नसबंदी झालेल्या पुरुषाला विचारा. त्याचं वीर्य आधीसारखंच दिसतं, तितकंच येतं, तितकंच घट्ट असतं, आणि त्यात शुक्रजंतू शून्य असतात.

दुसरी गोष्ट तर जाहिरातवाल्यांच्या मुळावरच येणारी आहे. वीर्य बाहेर पडताक्षणी थोडं गोठतं, जेलीसारखं होतं. मग साधारण १५ ते ३० मिनिटांत ते आपोआप पातळ होतं. हे पातळ होणं म्हणजे बिघाड नाही. त्यासाठी शरीराने खास एक एन्झाइम बनवलंय आणि त्याचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेलं आहे. पन्नाशीनंतर प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रक्ताची ‘पीएसए’ चाचणी सांगतात, तेच हे पीएसए. रक्तात ते चुकून सांडतं, म्हणून आपण ते मोजतो. त्याचं खरं काम वीर्यातली गुठळी तोडून ते पातळ करणं, म्हणजे आत अडकलेले शुक्रजंतू मोकळे होतील. तासाभरानंतरही वीर्य पातळ झालं नाही तर प्रयोगशाळा ते दोष म्हणून नोंदवते. नळीतून थेंब सोडताना त्याची दोन सेंटीमीटरहून लांब तार ओढली गेली, तर तोही दोष म्हणून अहवालात येतो. ‘फार घट्ट’ हा शेरा खराब अहवालात लिहिला जातो. भिंतीवर मात्र तो गुण म्हणून रंगवलेला असतो.

आता हे असं का, यासाठी शुक्रजंतूच्या जागी जाऊन बघायला हवं. थोडं पदार्थविज्ञान आहे, पण विहिरीत पोहलेल्या माणसाला समजेल इतकंच.

१६७७ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहुक यांनी स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्याचा थेंब पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव दिसल्याचं कळवलं. पाण्यातल्या वाम माशासारखे ते पोहतात, असं त्यांना वाटलं. तेव्हापासून आजतागायत आपण शुक्रजंतूला छोटा मासाच समजत आलो. पण तो मासा नाही. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी साधारण ५० ते ६० मायक्रॉन. सतरा-अठरा एकामागे एक ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. एवढ्या लहान आकाराला पाणी पाण्यासारखं लागतच नाही.

तुम्ही विहिरीत सूर मारता आणि हातपाय हलवणं थांबवता, तरी अंगातल्या वेगाने थोडे पुढे सरकत राहता. तुमचं वजन पाण्याच्या चिकटपणाला पुरून उरतं. या दोहोंचं गुणोत्तर मोजायला शास्त्रज्ञ रेनॉल्ड्स अंक वापरतात. पोहणाऱ्या माणसासाठी तो हजारांत, लाखांत जातो. शुक्रजंतूसाठी तो एकाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असतो. म्हणजे तिथे वजनाला, वेगाला, जोराला किंमत नाही. सगळी सत्ता चिकटपणाची, शास्त्रीय मराठीत श्यानतेची. एडवर्ड पर्सेल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ साली या विषयावर एक गाजलेला लेख लिहिला. (हेच पर्सेल ज्यांना १९५२ चं नोबेल मिळालं, आणि ज्यांच्या शोधाच्या तत्त्वावर आज तुमचा एमआरआय निघतो.) त्यांनी हिशेब करून दाखवलं की पोहणाऱ्या जिवाणूने शेपटी थांबवली तर तो थांबेपर्यंत एका अणूच्या व्यासाइतकंही अंतर कापत नाही. जागच्या जागी ठप्प. आपल्याला या जगाची कल्पना यायची असेल तर काकवीने भरलेल्या हौदात उतरून, हातपाय अगदी घड्याळाच्या काट्याच्या गतीने हलवत पोहायला हवं.

अशा काकवीत वल्हं मारून उपयोग होत नाही. पर्सेल यांनी शिंपल्याचं उदाहरण दिलं. शिंपला सावकाश उघडतो, झटकन मिटतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने पुढे जातो. तोच शिंपला शुक्रजंतूएवढा केला तर उघडताना जेवढा मागे जाईल तेवढाच मिटताना पुढे येईल. किती जोरात मिटला याने फरक पडत नाही. नुसतं पुढे-मागे हलणारं काहीही त्या जगात जागचं हलत नाही, मग अंगात कितीही ताकद असो.

मग शुक्रजंतू पुढे जातो कसा? नदीकाठच्या गाळातून एक लांब बांबू ओढून बघा. टोक पुढे करून लांबीच्या दिशेने ओढला तर तो मानाने सहज येतो. आडवा धरून ओढला तर दम निघतो. चिकट द्रवात बारीक, लांब वस्तूला आडवं जाताना होणारा विरोध लांबीच्या दिशेने होणाऱ्या विरोधाच्या जवळजवळ दुप्पट असतो. शुक्रजंतूचं सगळं पोहणं या फरकावर उभं आहे. त्याच्या शेपटीतून डोक्याकडून टोकाकडे एकसारख्या लाटा जात असतात. शेपटीचा प्रत्येक तुकडा द्रवातून तिरका सरकतो. तिरका असल्यामुळे द्रवाचा विरोध त्याला बरोब्बर उलट दिशेने न लागता जरा पुढच्या बाजूला कलतो. अशा असंख्य तुकड्यांवरच्या कललेल्या विरोधांची बेरीज म्हणजे शुक्रजंतूला मिळणारी ढकल. इंग्लंडमध्ये जी. आय. टेलर यांनी १९५१ मध्ये आणि ग्रे व हँकॉक यांनी १९५५ मध्ये याचं गणित मांडलं. डोक्याला आणि शेपटीला होणारी ओढ त्या ढकलीला तंतोतंत तोलून धरते. क्षणाक्षणाला हिशेब शून्य.

यात तुमच्या लक्षात आलं असेल की ‘शक्ती’, ‘जोर’, ‘कस’ हे भिंतीवरचे शब्द कुठेच आले नाहीत. शुक्रजंतूची गती ठरते ती शेपटीतल्या लाटेच्या घडणीवरून आणि भोवतालच्या द्रवावरून. शेपटीत डायनीन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म मोटारी असतात, त्या ही लाट उठवतात. काही पुरुषांत जन्मतःच या मोटारी बसलेल्या नसतात. शुक्रजंतू जिवंत, पण हलत नाही. अशाच मोटारी श्वासनलिकेतल्या केसांतही असल्यामुळे या माणसांना लहानपणापासून सर्दी-खोकला पुरलेला असतो. त्यांना कुठल्या चूर्णाने डायनीन मिळणार? त्यांच्यासाठी इक्सी आहे. सुईने शुक्रजंतू थेट बीजात सोडायचा. १९९२ पासून जगभर होत असलेल्या या उपचारात त्याला एक मायक्रॉनही पोहावं लागत नाही.

आता घट्टपणाकडे परत येऊ. निसर्गाने माणसाच्या शरीरात एका ठिकाणी घट्टपणाचा दरवाजा बसवलाय, तो बाईच्या गर्भाशयमुखाशी. तिथला चिकट स्राव महिन्यातले बहुतेक दिवस दाट आणि गच्च असतो. बीज सुटण्याच्या आधीच्या काही दिवसांत तो पाणीदार, पारदर्शक, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो. बऱ्याच बायकांना हे घरीच जाणवतं. तेवढ्या दिवसांत दरवाजा उघडा. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं, स्राव पुन्हा दाट होतो आणि दरवाजा बंद. फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि हार्मोनची तांबी यांचं एक प्रमुख काम हेच आहे, हा स्राव दाट ठेवणं. म्हणजे वैद्यकशास्त्र ज्या दाटपणाचा वापर गर्भ राहू नये म्हणून करतं, साधारण तसलीच गोष्ट मूल होण्यासाठी म्हणून चूर्णवाला पुरुषाला विकतो.

इथे एक बारकावा सांगायला हवा, नाहीतर मीही त्याच्यासारखंच सोपं करून विकल्यासारखं होईल. बीज सुटायच्या दिवसांतला स्रावही काही पाणी नसतो. पाण्याच्या मानाने तो बराच चिकट असतो. तरी शुक्रजंतू त्यातून जातो. चिकट द्रवात त्याच्या शेपटीची लाट आखूड होते, डोक्याचं डुलणं कमी होतं आणि तो उलट जास्त सरळ रेषेत चालतो. तेव्हा घट्ट म्हणजे शत्रू आणि पातळ म्हणजे मित्र इतकं ते सरळ नाही. स्रावातल्या धाग्यांची जाळी किती मोकळी आहे यावर खरं अवलंबून असतं. पण हा सगळा हिशेब बाईच्या स्रावाचा आहे. पुरुषाच्या वीर्याच्या घट्टपणाला यात कुठे जागाच नाही, कारण वीर्याचा द्रव बहुतांशी योनीतच राहतो. शुक्रजंतू काही मिनिटांत गर्भाशयमुखाच्या स्रावात शिरतात आणि द्रव मागे उरतो. संबंधांनंतर “सगळं बाहेर येतं हो” म्हणून रडकुंडीला आलेल्या मुलींना मी हेच सांगते. बाहेर येतं ते मागे उरलेलं पाणी. कमरेखाली उशी घेऊन, पाय भिंतीला लावून अर्धा तास पडून राहायची शिक्षा कुणी दिली असेल तर ती मनावर घेऊ नका. गुरुत्वाकर्षणाची शुक्रजंतूवरची ओढ त्याच्या स्वतःच्या पोहण्यापुढे किरकोळ असते. (वंगण म्हणून तेल, थुंकी किंवा बाजारातली साधी जेली मात्र त्या दिवसांत टाळा. प्रयोगशाळेत पाहिलं तर यातल्या बऱ्याच गोष्टी शुक्रजंतूंना लुळं करतात.)

आता त्या प्रसिद्ध शर्यतीबद्दल. कोट्यवधी शुक्रजंतू धावतात, सगळ्यात बलवान पहिला येतो, बीज आपलं सोफ्यावर बसून वाट बघतंय. शाळेच्या तासाला, सिनेमात, व्हॉट्सअॅपच्या सुविचारात सगळीकडे हीच गोष्ट. तुम्ही जन्मतःच विजेते आहात वगैरे. मला ही गोष्ट निव्वळ चुकीची म्हणूनच नाही, तर नुकसान करणारी म्हणून खटकते.

चुकीची का ते आधी. शुक्रजंतू सेकंदाला पन्नासेक मायक्रॉन म्हणजे मिनिटाला तीन मिलिमीटर जातो. योनीपासून बीजनलिकेच्या टोकापर्यंतचे पंधरा-सोळा सेंटीमीटर अगदी नाकासमोर कापले तरी तासाच्या आसपास लागेल. पण जर्मनीत १९९० च्या दशकात संशोधकांनी शुक्रजंतूच्या आकाराचे, अजिबात न पोहणारे कण योनीत ठेवून पाहिले, तेव्हा ते काही मिनिटांतच वर गर्भाशयात आणि नळ्यांपर्यंत पोहोचलेले दिसले. त्यातही ज्या बाजूच्या बीजकोशात बीज पिकलं होतं त्या बाजूला जास्त. गर्भाशयाच्या हलक्या आकुंचनांनी त्यांना उचलून नेलं होतं. शर्यतीतला बराचसा रस्ता स्पर्धकाला पाठीवर घेऊन रस्ताच चालतो म्हणायचा.

पुढे नळीत द्रवाचा हलका प्रवाह उलट, म्हणजे गर्भाशयाकडे येत असतो. शुक्रजंतू त्या प्रवाहाविरुद्ध तोंड करून पोहतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. भिंतीलगत प्रवाह मंद असतो, भिंतीपासून दूर जास्त. शुक्रजंतू भिंतीला डोकं टेकवून जातो. त्याची शेपटी जराशी भिंतीपासून दूर, जोराच्या प्रवाहात झुलते. प्रवाह शेपटीला मागे ढकलतो आणि डोकं आपोआप वरच्या दिशेला वळतं, देवळावरच्या पताकेसारखं. २०१३ साली मिकी आणि क्लॅफॅम यांनी उंदराच्या आणि माणसाच्या शुक्रजंतूंवर हे दाखवलं. दिशा दाखवणारा आहे बाईच्या शरीरातला प्रवाह आणि बाईच्या शरीरातली भिंत. शिवाय ताजा शुक्रजंतू बीजात शिरूच शकत नाही. बाईच्या शरीरात काही तास राहून त्याच्यात बदल व्हावे लागतात, हे १९५१ पासून माहीत आहे. सगळ्यांत आधी धावत पोहोचलेला तिथे बिनकामाचाच ठरायचा.

आणि नुकसान कसं ते. या गोष्टीने पुरुषाला धावपटू केलं आणि बाईला मैदान. धावपटू दिसायला धडधाकट असेल, ‘सगळं व्यवस्थित’ होत असेल, तर दोष मैदानाचाच असणार. म्हणून सासूबाई सुनेला घेऊन येतात. सोनोग्राफी होते, हार्मोन्सच्या चाचण्या होतात, एक्स-रे काढून नळ्या बघतात, दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, कधी दोनदा होतं. मुलाच्या तपासणीचा विषय काढला की, “त्याला काय झालंय? त्याचं सगळं नॉर्मल आहे.” कशावरून? तर अंगापिंडाने चांगला आहे, आणि आता पावडरही चालू आहे. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण, एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर, सापडतं. वीर्यतपासणीला ना भूल लागते, ना सुई टोचते. खर्चही सुनेच्या तपासण्यांच्या मानाने नगण्य. तरी ती सगळ्यांत शेवटी होते. ज्या डॉक्टरांनी ती न करता बाईला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं, त्यांच्याबद्दल काय बोलावं? आमच्याच धंद्यातली माणसं आहेत.

तपासणी करायची तर दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन टाळून नमुना द्या. शक्यतो प्रयोगशाळेतच. घरून आणायचा असेल तर डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवून अर्ध्या-पाऊण तासात पोहोचवा. गार पडले की शुक्रजंतू मंदावतात आणि अहवाल उगाच वाईट येतो. वाईट आला तर दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय काही ठरवू नका.

अहवाल हातात आला की बहुतेकांची छाती दडपते, म्हणून आकडे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी: वीर्य १.४ मिलिलिटर, शुक्रजंतू मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, हलणारे ४२ टक्के, त्यातही पुढे जाणारे ३० टक्के, आणि ठाकठीक आकाराचे अवघे ४ टक्के. होय, चार. वर्षभरात ज्यांना मूल राहिलं अशा पुरुषांचे हे तळाचे आकडे आहेत. ‘९५ टक्के शुक्रजंतू अॅबनॉर्मल’ वाचून जमीन विकायला निघालेला माणूस प्रत्यक्षात या कसोटीत पास झालेला असतो. ‘पुढे जाणारे’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. जागच्या जागी वळवळणारे वेगळे मोजतात. त्यांची कारणं अनेक असतात, पण काकवीतल्या शिंपल्यासारखंच, हालचाल आहे आणि पुढे नेणारी लाट नाही. आणि हो, या यादीत ‘घट्टपणा उत्तम’ असा रकाना नाही.

आकडे खरोखर कमी असतील तर कारण शोधावं लागतं. वृषणाभोवती फुगलेल्या नसा, जंतुसंसर्ग, हार्मोन्सची गडबड, दोन-तीन महिन्यांपूर्वीचा मोठा ताप, तंबाखू, दारू, भट्टीसमोरचं काम. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे आज तंबाखू सोडली तर तिचा परिणाम तीन महिन्यांनी दिसणार. पंधरा दिवसांत फरक दाखवणारा माणूस शरीरविज्ञानाच्या बाहेरचं काहीतरी सांगतोय.

सगळ्यात वाईट प्रकार जिममधल्या आणि ‘मर्दानगी’च्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनांचा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूतली ग्रंथी समजते की माल भरपूर आहे, आणि वृषणांना जाणारे संदेश बंद करते. शुक्रजंतूंचं उत्पादन थांबतं. पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनवर संशोधन झालंय, इतकं हे पक्कं आहे. दंड फुगतात, अहवालात शून्य येतं. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण महिने जातात.

फक्त भिंतीवरच्या वैदूंना झोडपणं अन्यायाचं होईल. आमचीही मंडळी ‘मोटिलिटी वाढवणाऱ्या’ अँटिऑक्सिडंट गोळ्यांची चिठ्ठी सर्रास लिहितात. चकचकीत खोका, महिन्याचा खर्च हजारात. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मॉक्सी नावाच्या तुलनात्मक चाचणीत अशा गोळ्यांच्या मिश्रणाने शुक्रजंतूंची संख्या, हालचाल, आकार यांत काही सुधारणा दिसली नाही. भाषा इंग्रजी आणि बिल छापील, एवढ्यावरून ते विज्ञान होत नाही.

औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) हा कायदा १९५४ सालचा आहे. लैंगिक क्षमता वाढवण्याचे दावे करणाऱ्या औषधांच्या जाहिराती त्याने कधीच बेकायदा ठरवल्यात. रंगवलेली भिंत पोलीस चौकीच्या समोर असली तरी कुणाला दिसत नाही. या जाहिराती चालतात त्या भीतीवर. धातू गेला की शक्ती गेली ही भीती आपल्याकडे इतकी खोल आहे की १९६० साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी तिच्यापायी खंगणाऱ्या पुरुषांच्या तक्रारींना ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. त्या पुरुषांचा थकवा, उदासी, झोप उडणं खरं असतं. त्यांना हसू नये. त्यांच्या भीतीवर दुकान मांडणाऱ्यांना मात्र मुळीच सोडू नये.

यावर मला हमखास एक उत्तर मिळतं. “मॅडम, माझ्या मावसभावाला तीच पावडर घेऊन चौथ्या महिन्यात दिवस राहिले.” राहिले असतील की. गर्भनिरोधक न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी ऐंशी-पंच्याऐंशी जणांना वर्षभरात दिवस राहतात, आणि उरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षात, काहीही न करता. त्या काळात जे कुणी जे काही घेत होतं त्याला श्रेय मिळतं. मावसभावाने रोज सकाळी गूळ-शेंगदाणे खाल्ले असते तर आज त्यांची जाहिरात असती.

ज्यांना दिवस राहिले नाहीत ते भिंतीवर येत नाहीत. ते माझ्याकडे येतात, डबा संपल्यावर. तोवर बायकोचं वय तेहेतिसाचं पस्तीस झालेलं असतं, आणि तिच्या बीजकोशातली बीजं चूर्ण संपायची वाट बघत थांबलेली नसतात. बायको पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, आणि पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच दोघांनी एकत्र जाऊन तपासून घ्यावं. पहिल्या भेटीत डॉक्टर वीर्यतपासणीचं नाव काढत नसतील, तर तुम्ही काढा.